'टीप लिहा : जीवाश्म (2 गुण)' यांस खुले पत्र

प्रति,
'टीप लिहा : जीवाश्म',
मुक्काम दहावीची प्रश्नपत्रिका,
विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 2

विषय : साडेचारशे कोटी वर्षे चार ओळींत कोंबल्याबद्दल.

महोदय,

तुमचं नाव फळ्यावर लिहिलं की वर्गातल्या सगळ्या वह्या एकदम उघडतात आणि सगळी पेनं एकच उत्तर उतरवू लागतात. सजीव मेला, मातीत गाडला गेला, वर थर साचले, दाब पडला, हाडाचा किंवा पानाचा ठसा दगडात उरला. खाली एक आकृती, आकृतीला दोन नावं, शेवटी 'उदा. डायनोसॉर'. झालं. दोन गुण. या चार ओळींच्या पुढे पाऊल टाकायची परवानगी तुम्ही मुलांना देत नाही, शिक्षकाला देत नाही आणि पेपर तपासणाऱ्याला तर मुळीच देत नाही. नमुना उत्तरात आहे ते उतरलं तर गुण, नाहीतर भोपळा. तुमच्या राज्यात आजवर एकही डायनोसॉर दोन गुणांहून मोठा झालेला नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे तपासले आहेत, आणि त्या गठ्ठ्यांत तुमचं उत्तर इतक्या वेळा वाचलं आहे की पुढचा शब्द आधीच दिसतो. मुलांनी ते छान पाठ केलेलं असतं. अक्षर सुरेख, आकृती नेटकी. आणि त्यातल्या एकाही मुलाने आयुष्यात जीवाश्म पाहिलेला नसतो, निदान पाहिला तरी तो जीवाश्म आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पृथ्वीचा इतिहास हा शोधायचा विषय होता, तो तुम्ही पाठांतराचा केलात, हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे. आणि तुम्ही हे महाराष्ट्रात केलंत, जिथे तो इतिहास शेताच्या बांधावर पडलेला असतो, हा त्याहून मोठा आरोप आहे.

आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. कापूस, सोयाबीन, तूर पिकवणारं, विदर्भातल्या इतर गावांसारखंच गाव. तिथल्या रानात डायनोसॉरची हाडं सापडतात. लांब मानेचे, झाडपाला खाणारे, टायटॅनोसॉर गटातले अवाढव्य प्राणी सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वी इथे हिंडत होते. नांगरलेल्या मातीत त्यांच्या हाडांचे तुकडे वर येतात आणि त्यांच्याबरोबर येतात गोल, लांबट, तपकिरी दगड. हे दगड म्हणजे दगड झालेली विष्ठा. मुलांना हे सांगितलं की वर्ग खदखदून हसतो, आणि हसू ओसरलं की एक तरी हात वर होतो: "मॅडम, मग त्याने काय खाल्लं होतं ते त्यात दिसेल का?"

हा प्रश्न तुम्ही कधी विचारला आहे का? दहावीतल्या मुलाला जो सुचतो, तो तुम्हाला इतक्या वर्षांत सुचला नाही. शास्त्रज्ञांना मात्र सुचला. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी पिसदुऱ्याची ही विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. गवताच्या पेशींमध्ये वाळूच्या द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे, बारीक कण तयार होतात. गवत कुजून जातं, कण राहतात, आणि त्यांच्या आकारावरून ते कोणत्या जातीच्या गवताचे आहेत हे ओळखता येतं. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत किमान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण निघाले. 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. तोवर जगभर असंच समजलं जाई की डायनोसॉरांच्या काळात गवताचा असा पसारा नव्हता, गवताळ जग त्यांच्यानंतरचं. ही समजूत मागे घ्यावी लागली. 2011 मध्ये त्याच भागातल्या नमुन्यांत भाताच्या कुळाशी नातं सांगणारे कण असल्याचंही दाखवण्यात आलं. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला ब्रह्मपुरी, सिंदेवाहीकडे घरोघरी धान पिकतं. त्या भाताच्या पूर्वजांचा माग वरोऱ्याच्या रानातल्या डायनोसॉरच्या शेणात लागला.

याच रानाकडच्या एका मुलाने मला एकदा खिशातून असा दगड काढून दाखवला होता. "घरी असे लय आहेत मॅडम, आम्ही चिंचा पाडायला वापरतो." मी त्याला त्या दगडाची सगळी गोष्ट सांगितली. त्याचे डोळे मोठे झाले. पुढच्या परीक्षेत तुम्ही आलात, आणि त्याने उत्तरात लिहिलं की आमच्या शेतात डायनोसॉरची विष्ठा सापडते, तिच्यात गवताचे कण असतात आणि त्यावरून डायनोसॉर गवत खायचे हे कळलं. पेपर बाहेर तपासायला गेला होता. त्याला अर्धा गुण मिळाला, कारण दाब आणि थर यांचे शब्द उत्तरात नव्हते. त्या परीक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्या हातातला नमुना तुमचा होता.

कोळशाकडे या. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील बल्लारपूर, भद्रावती, वणीकडच्या खाणींत काम करतात. हा कोळसा सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलाचा आहे. त्याच्या सोबतच्या शेलच्या थरांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा. ही पानं ग्लॉसोप्टेरिस या झाडाची. आता दुसरीकडे बघा. 1912 मध्ये रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतत होते. अन्न संपत आलेलं, पाय गोठलेले, तरीही बियर्डमोर हिमनदीपाशी गोळा केलेले सुमारे 16 किलो दगड त्यांनी स्लेजवरून खाली टाकले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे मृतदेह सापडले तेव्हा ते दगड जवळच होते. त्यांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते. बर्फाच्या खंडावर आणि चंद्रपूरच्या कोळशात एकच झाड! ते बियाणं समुद्र ओलांडून तिकडे जाण्याइतकं हलकं नव्हतं. मग जमिनीच एकत्र होत्या का? भारत, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका हे सगळे एका मोठ्या भूखंडाचे तुकडे आहेत, या कल्पनेला ज्या पुराव्यांनी बळ दिलं, त्यांतलं हे पान एक आहे. भूगोलाच्या पुस्तकात 'गोंडवन' हा शब्द येतो तेव्हा मुलं तो नकाशात शोधतात. तो त्यांच्या बापाच्या टोपीवरच्या काळ्या धुळीत आहे, हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही तर 'उदा. डायनोसॉर' म्हणून मोकळे.

तुमच्या सर्वांत घातक कामाकडे आता येते. राज्य मंडळाच्या भाग 2 चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. त्यात पुराजीवविषयक पुरावे आहेत, जोडणारे दुवे आहेत, कार्बनवरून वय काढण्याची पद्धतही आहे. धडा वाईट नाही. मनापासून शिकवला तर त्यातून खूप काही निघतं. पण तुम्ही आणि तुमचा भाऊ 'कार्बनी वयमापनावर टीप लिहा' दोघे मिळून त्याची अशी वाट लावता की दहावी झालेलं जवळजवळ प्रत्येक मूल मला सांगतं, डायनोसॉरचं वय कार्बन-14 वरून काढतात. काढता येत नाही! कार्बन-14 चं अर्धायुष्य 5730 वर्षं आहे. दर 5730 वर्षांनी तो निम्मा होतो, त्यामुळे 50 हजार वर्षांच्या आसपास तो मोजण्याइतकाही उरत नाही. गाडल्या गेलेल्या लाकडाचं, जुन्या चुलीतल्या कोळशाचं वय त्याने कळतं. 6 कोटी 60 लाख वर्षं मागे जायचं तर दुसरं घड्याळ लागतं. पोटॅशियम-40 हळूहळू आर्गॉन वायूत बदलतो आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे 125 कोटी वर्षं आहे. झिरकॉन या खनिजातलं युरेनियम शिशात बदलतं, तेही असंच दीर्घ घड्याळ. आणि ही घड्याळं बहुतेक वेळा हाडाला लावत नाहीत. हाडाच्या वरच्या-खालच्या ज्वालामुखीच्या थराला लावतात, आणि हाड त्या दोहोंच्या मधलं आहे एवढं सांगतात.

हे दहावीच्या मुलाला समजत नाही असं मला कुणी सांगू नये. अर्धायुष्याचं गणित म्हणजे निम्म्याचं निम्मं करत जाणं, ते पाचवीतल्या मुलालाही येतं. त्यातली खरी मजा कुठली पद्धत कुठे चालते हे ठरवण्यात आहे. लोणारचं सरोवर बघा. बसाल्टमध्ये उल्काघाताने झालेला, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा. कुणी पूर्वी त्याला ज्वालामुखीचं मुख मानत. 1970 च्या दशकात तिथे खणून पाहिलं तेव्हा आघाताने काचेसारखं झालेलं खनिज मिळालं आणि उल्केची बाजू पक्की झाली. त्याच्या वयासाठी एका पद्धतीने सुमारे 50 हजार वर्षं हे उत्तर आलं, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे 5 लाख 70 हजार. दोन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक, दोन्ही आकडे छापलेले, आणि फरक अकरा पटींचा! दहावीच्या वर्गात हे ठेवून विचारा, कोणता आकडा धराल आणि का? बुलढाण्याची मुलं सहलीला लोणारला जातात, दैत्यसूदनाचं मंदिर पाहतात, काठावर फोटो काढतात आणि परत येतात. या प्रश्नाला त्यांच्या पेपरात जागा नाही, कारण त्याचं एकच पाठ उत्तर तुम्हाला देता येत नाही.

सह्याद्रीचंही तेच. आम्ही मुलांना गडावर नेतो. रायगड, राजगड, सिंहगड. इतिहासाचे शिक्षक तोफा आणि दरवाजे दाखवतात, ते योग्यच आहे. पण कड्याकडे बोट दाखवून कुणी सांगतं का, की हे पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर लाव्ह्याच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनले आहेत? दख्खनचे हे बसाल्ट आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत. घाटातल्या कापलेल्या डोंगरात दोन काळ्या थरांमध्ये एक तांबडी पट्टी दिसते. एक लाव्हा थंड झाला, त्याच्यावर पाऊस-ऊन पडलं, दगड झिजून माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्या मातीवर पसरला. म्हणजे ती तांबडी रेघ दोन उद्रेकांमधल्या निवांत काळाची आहे. एसटीच्या खिडकीतून दिसणारी ही पट्टी वाचायला शिकलेला मुलगा भूशास्त्राची निम्मी वाट चालून आलेला असतो. खालचा थर जुना, वरचा नवा, मधली माती त्यांच्यामधल्या काळाची. शिकवायला पंधरा मिनिटं लागतात.

या थरांना जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्या नावांनी ओळखतात ती नावं ऐका: इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. अमेरिकेत, फ्रान्समध्ये बसून संशोधक 'पोलादपूर' लिहितात आणि वाचतात. पोलादपूरच्या शाळेतल्या मुलांना हे ठाऊक आहे का? आणि ते ही नावं का घेतात? तर 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले, त्याच सुमारास हे लाव्हे वाहत होते. लुई आणि वॉल्टर अल्व्हारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये इरिडियमच्या पातळ थरावरून उल्काघाताचा दावा मांडला. 1991 मध्ये मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर त्याच घटनेचं म्हणून पुढे आलं. उल्का पडली, हे आज जवळजवळ सर्वमान्य आहे. पण आमच्या लाव्ह्यांचा त्या विनाशात किती हात होता, ते आधी वाहिले की नंतर, यावर वाद चालू आहे. 2019 मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोन गटांनी सह्याद्रीतल्या खडकांवरून दोन वेगळी वेळापत्रकं मांडली. एका गटाच्या आर्गॉन-मोजणीनुसार बहुतांश लाव्हा डायनोसॉर संपल्यानंतर वाहिला. दुसऱ्या गटाने झिरकॉनवरून सांगितलं की उद्रेक टप्प्याटप्प्याने झाले आणि त्यातला एक मोठा टप्पा विनाशाच्या थोडाच आधीचा होता. ज्या डोंगरांवर आमची मुलं गुरं चारतात त्यांवर जगातली एवढी मोठी शास्त्रीय भांडणं सुरू आहेत. आणि तुम्ही त्याच मुलांना 'डायनोसॉर नष्ट होण्याचे एक कारण लिहा' म्हणता. एक!

शहरातल्या मुलांनी हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. मुंबईत वरळीला लाव्ह्यांच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, त्यांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केलं. अंधेरीत गिल्बर्ट हिलचे खांबासारखे उभे बसाल्ट चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेले आहेत. नागपुरात तर ज्याच्या नावाने कॉलेज आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूर-चांदा पट्ट्यातले जीवाश्म गोळा करून त्यांची माहिती जगापुढे ठेवली. त्या कॉलेजात शिकून बाहेर पडलेल्या अनेकांना हे माहीत नसतं. गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला झाडांची दगड झालेली खोडं आहेत. महाराष्ट्राचा कुठलाही जिल्हा काढा, पृथ्वीचं एखादं पान तिथे उघडं पडलेलं आहेच.

तुमच्या नमुना उत्तराला सर्वांत न झेपणारी गोष्ट गुजरातेत धोली डुंगरीला घडली. भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना 1980 च्या दशकात तिथे डायनोसॉरच्या अंड्यांजवळ बारीक हाडं मिळाली. ती अंड्यातून बाहेर आलेल्या पिलाची आहेत असं आधी वाटलं, तसं 1987 मध्ये प्रसिद्धही झालं. 2001 मध्ये जेफ्री विल्सन यांनी ती हाडं पाहिली तेव्हा त्यांतल्या काही मणक्यांची ठेवण सापाची असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. मग मोहबे आणि विल्सन यांनी मिळून, नव्याने काम करून, 2010 मध्ये सांगितलं की सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप डायनोसॉरच्या घरट्यात अंड्याभोवती वेटोळं घालून बसला होता, समोर नुकतंच बाहेर आलेलं पिलू होतं, आणि त्या अवस्थेतच सगळे गाडले गेले. त्या सापाचं नाव सनाजेह इंडिकस. छापून झालेल्या निष्कर्षावर पुन्हा हात घालणं, तेही स्वतःच्या, हे विज्ञानाचं खरं शील आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी हेच पाहायला हवं. तुमच्या हिशोबात 1987 चं उत्तर लिहिणाऱ्याला 2011 मध्येही पूर्ण गुण मिळाले असते.

तुमचे साथीदार कोण, तेही सांगते. 'महत्त्वाचे प्रश्न' छापणारी गाईडं, 'एवढंच करा, पास व्हाल' सांगणारे क्लास, आणि पोर्शन संपवायच्या धाकाने श्वास न घेता फळा भरणारे आम्ही शिक्षक. मात्र तुमच्याहून मोठा घाव दिल्लीने घातला. करोनानंतर अभ्यासाचा बोजा कमी करायचा म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातली उत्क्रांती काढून टाकली आणि धडा नुसता 'आनुवंशिकता' राहिला. जीवाश्म गेले, मानवाची उत्क्रांती गेली. 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे, असं सांगण्यात आलं. पण जीवशास्त्र घेतात किती? वाणिज्य घेणारी, कला घेणारी, गणित घेऊन इंजिनिअरिंगला जाणारी मुलं दहावीनंतर या विषयाला पुन्हा भेटतच नाहीत. त्या पुस्तकांच्या शाळा महाराष्ट्रातही गल्लोगल्ली आहेत. आपल्या मंडळाने धडा ठेवला, याबद्दल मी मंडळाची मनापासून आभारी आहे. पण त्या ठेवलेल्या धड्याचं तुम्ही टरफल करून ठेवलंत. आज दिल्लीने कापलेला धडा आणि तुम्ही पोखरलेला धडा, या दोन्ही वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांच्या डोक्यात पृथ्वीच्या वयाची जाण सारखीच पुसट असते.

त्या जाणिवेसाठी मी मैदानात सुतळी लावते. एक सेंटिमीटर म्हणजे 10 लाख वर्षं धरली की पृथ्वीचं वय साडेपंचेचाळीस मीटर होतं. मुलं एका टोकाला उभी राहतात, तिथे पृथ्वी जन्मते. दहाएक मीटर चाललं की जीवाणूंचे खात्रीचे पुरावे. मग मुलं चालतात आणि चालतच राहतात, कारण पुढचे कितीतरी मीटर जीवसृष्टी सूक्ष्म आणि बहुतांश एकपेशीय आहे. शेवटच्या साडेपाच मीटरवर कवचाचे, पायांचे, डोळ्यांचे प्राणी समुद्रात गर्दी करतात. पावणेतीन मीटर उरले की आमच्या चंद्रपूरचा कोळसा. दोन मीटर तीस सेंटिमीटरवर पहिले डायनोसॉर, 66 सेंटिमीटरवर सह्याद्रीचा लाव्हा. आपली मानवजात शेवटच्या तीन मिलिमीटरांत. शिवरायांच्या राज्याभिषेकापासून आजवरचा काळ इतका बारीक होतो की केसाची जाडीही त्याच्यापुढे कितीतरी पट मोठी. सुतळीच्या त्या शेवटच्या टोकाशी येऊन दहावीचा व्रात्य वर्गही गप्प होतो. मग प्रश्न सुरू होतात आणि घंटा झाली तरी थांबत नाहीत. सुतळी किराणा दुकानात मिळते. शाळेला यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, अनुदान लागत नाही, परिपत्रक लागत नाही.

ही मुलं पुढे भूशास्त्रज्ञच होतील असं मी म्हणत नाही. त्यातली काही शेती करतील, काही खाणीत जातील, काही तलाठी होतील, काही सरपंच. टेकडी फोडून मुरूम विकायचा ठराव त्यांच्यासमोर येईल. विहीर किती खोल खणायची, बोअरला पाणी कुठे लागेल, दरड कुठे कोसळेल, हे सगळं खडकाच्या थरांवर ठरतं. दोन लाव्ह्यांच्या मधला भेगाळलेला, झिजलेला पट्टा पाणी धरतो आणि घट्ट बसाल्ट धरत नाही, हे कळलेला शेतकरी काठीने पाणी दाखवणाऱ्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करील. पिसदुऱ्याच्या रानातले दगड ट्रॉलीत भरून कुणी बांधकामाला नेऊ लागलं, तर त्याला अडवणारं माणूस गावातच हवं. ते माणूस आज माझ्या वर्गात तिसऱ्या बाकावर बसून तुमचं उत्तर घोकतंय.

म्हणून माझी मागणी तुमच्याकडे नाही. तुम्ही बदलणार नाही, तुमची घडणच तशी आहे. मागणी तुम्हाला पेपरात आणून बसवणाऱ्यांकडे आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, विज्ञानाला 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. त्यातले थोडे आपल्याच तालुक्यातल्या एका कड्याला, एका खाणीच्या तोंडाला, एका नदीकाठाला द्या. मुलांना तिथे न्या आणि दिसेल ते वहीत काढायला लावा. मंडळाने जिल्हावार एक छोटी पुस्तिका करावी: आमच्या जिल्ह्यात कोणता खडक, किती जुना, कुठे पाहता येईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरात आहे, विद्यापीठांत भूशास्त्राचे विभाग आहेत, माहिती तयार पडलेली आहे.

आणि लेखी पेपरात 'टीप लिहा : जीवाश्म'च्या जागी एक चित्र छापा. घाटातला कापलेला डोंगर, दोन काळे थर, मधोमध तांबडी पट्टी, पट्टीत एक शंख. खाली विचारा: यातलं आधी काय घडलं, नंतर काय घडलं, शंखाचं वय काढायला तुम्ही कोणता थर तपासाल, आणि कार्बन-14 इथे का चालणार नाही? चार गुण द्या. तपासताना मुलाने दिलेलं कारण वाचा, आणि कारण पटलं तर शब्द नमुन्यातले नसले तरी पूर्ण गुण द्या.

नववी-दहावीला विज्ञान शिकवणारी
एक शिक्षिका, जिल्हा चंद्रपूर